तुम्ही विचारलंत म्हणून: बोनस देऊनही टीम थंड का?

मी एचआरमध्ये आहे म्हटल्यावर मोठ्या पोस्टवरची माणसं हमखास विचारतात, अहो पगार देतो, बोनस देतो, तरी लोक मनापासून काम का करत नाहीत?

मी त्यांनाच विचारते, तुम्ही इतकी वर्षं का टिकलात? मग काम आवडतं, शिकायला मिळतं, माझ्या शब्दाला वजन आहे, असं सगळं निघतं. आणि तुमची टीम? "ते काय, पगारासाठी येतात." चिप हीथ या संशोधकाने 1999 साली हेच दाखवलं होतं, वकिलीकडे निघालेल्यांपैकी 64 टक्के म्हणाले आम्हाला विषयाची ओढ आहे, पण बाकीच्यांबद्दल तसं मानणारे जेमतेम 12 टक्के!

पैसा लागतोच हां. "पैसाच सगळं नसतो" हे मी जास्त करून इन्क्रिमेंट टाळणाऱ्यांच्याच तोंडून ऐकलंय. पगार रखडला किंवा तेवढ्याच कामाचे शेजारच्याला जास्त मिळाले की माणूस धुमसणारच. फक्त मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग 1959 मध्येच सांगून गेलाय की पगार नीट केला की नाराजी जाते, हुरूप येईल याची गॅरंटी नाही.

हुरूप येतो हातातलं काम पुढे सरकलं की. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या संशोधकांनी 7 कंपन्यांतल्या 238 जणांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, जवळपास 12 हजार, आणि ज्या दिवशी माणसं खुशीत होती त्यातल्या बहुतेक दिवशी काम थोडंतरी पुढे गेलेलं होतं. मॅनेजर लोकांना हुरूप देणाऱ्या पाच गोष्टींचा क्रम लावायला सांगितला तर त्यांनी काम पुढे सरकणं हीच गोष्ट नेमकी शेवटी टाकली.

आता रोज काय होतं बघा, अप्रूव्हल अडकलेलं, एक साहेब म्हणतो असं कर दुसरा म्हणतो तसं, महिनाभर राबून केलेलं प्रोजेक्ट एका मेलवर बंद आणि कारण विचारायची सोय नाही, वर परत मोटिवेशनचं सेशन असतं म्हणून त्या दिवसाचं कामही राहतं. बोनसने यातलं काय सुटणार? पण बोनस सोपा पडतो, सही केली की झालं, बाकीच्यासाठी साहेबांना स्वतःच्या सवयी बदलाव्या लागतात.

म्हणून मी म्हणते, बोनसची मीटिंग नंतर घ्या, आधी टीममधल्या प्रत्येकाला विचारा की या आठवड्यात तुझं काय अडलंय, आणि त्यातलं किती तुमच्याच टेबलावर पडून आहे तेही मोजा.