दोन छर्रे

दुपारी कात्री शोधायला खण ओढला, तर मागच्या कोपऱ्यातून दोन छर्रे गडगडत आले आणि एकमेकांना लागले. टक्! कात्री राहिली बाजूला.

टेबलावर काच आहे. एक छर्रा मधोमध ठेवला आणि दुसरा दोन पट्ट्यांची पन्हळ करून हळूच सोडला. मला जोरात आपटलेलं काही सोसत नाही, दाराची कडीसुद्धा मी बोटाने धरून लावतो. नेम अगदी समोर धरला तर फारसं काही नाही, पण जरा कडेला धरला की उभा छर्रा पुढे जाता जाता गिरकी घेतो. पहिल्याने निसटताना त्याला घासून दिलेली ती गिरकी. घर्षण मोजायचं ते तिच्यावरूनच. गिरकीमुळे पृष्ठभागाला आलेला वेग घ्यायचा, पुढे जाण्याच्या वेगाने भागायचा आणि दोन पंचमांशाने गुणायचं. घर्षणाचा गुणांक, म्हणजे दाबाच्या किती पट घर्षण तो आकडा, हाताशी! अर्थात दोघं शेवटपर्यंत घसरत राहिले असतील तर. मध्येच एकमेकांना धरून बसले, तर उत्तर कमी येतं.

शाईचे टिपके काढले, फोन रोखला. सेकंदाला २४० चित्रं. पण पाव इंची छर्रा सेकंदाला १० सेंटिमीटर इतक्या रमतगमत आला, तरी प्रत्यक्ष स्पर्श सुमारे ३० मायक्रोसेकंदांचा. एका चित्राच्या वेळात असे शंभरावर स्पर्श उरकतील. आणखी हळू सोडावा, तर हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचा १८८२ सालचा हिशेब आडवा येतो: वेग निम्मा केला, तरी स्पर्श जेमतेम १५ टक्क्यांनी लांबतो. म्हणजे आधीचं दिसतं, नंतरचं दिसतं, मधलं नाहीच.

त्यात आकडा दर वेळी निराळा. बोट लागलं की बोटाचं तेल लागतं आणि छर्रे निसटतात. पुसले की पकडतात. पुसून पुन्हा उचलायचे कशाने, तर बोटानेच. आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञाला १६९९ साली लोखंड, तांबं, शिसं, लाकूड, सगळ्यांचं घर्षण भाराच्या साधारण एक तृतीयांश सापडलं होतं. काय सुखी माणूस! मग कळलं, त्याने सगळ्यांना डुकराची चरबी फासली होती. जरा बरं वाटलं.

हे छर्रे सायकलच्या मागच्या चाकातले. बाबा चाक उघडून ते बशीतल्या रॉकेलमध्ये टाकायचे, फडक्यावर काढून मोजायचे. या बाजूचे नऊ, त्या बाजूचे नऊ. एकदा सोळाच भरले. बाबांनी तीनदा मोजले. मग गुडघ्यांवर बसून कपाटाखाली बॅटरी मारली, पायपुसणं झटकलं. त्यांच्याबरोबर मीही शोधत होतो, अगदी मन लावून. एक छर्रा डाव्या खिशात होता, एक उजव्या. एकाच खिशात ठेवले असते तर वाजले असते.