लेखाविभागातलं रक्त

मेनिन्जायटिसची लस मुलांना खरंच वाचवेल का, हे आम्ही प्लेटवर तपासतो. लस टोचलेल्या मुलाचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, हा आजार घडवणाऱ्या जिवंत मेनिंगोकॉकस जिवाणूंमध्ये मिसळायचं, कॉम्प्लिमेंट घालायचं, तासाभराने प्लेटवर पसरायचं आणि दुसऱ्या दिवशी वाचलेल्या जिवाणूंच्या कॉलनी, म्हणजे ठिपके, मोजायच्या. सीरम चौपट पातळ करूनही निम्मे जिवाणू मेले, तर संरक्षण आहे असं धरतात. 1969 साली अमेरिकी सैन्यातल्या नव्या जवानांच्या अभ्यासाने या चाचणीचा पाया घातला.

गाडं अडतं ते कॉम्प्लिमेंटपाशी. प्रतिपिंड चिकटलं की जिवाणूला भोक पाडणारी ही रक्तातलीच प्रथिनं. मेनिंगोकॉकसचे गट आहेत; इतर गटांच्या चाचणीत कॉम्प्लिमेंट म्हणून सशाच्या पिल्लांचं सीरम चालतं, बी गटाला नाही. हा लबाड माणसाच्या रक्तातलं फॅक्टर एच, म्हणजे कॉम्प्लिमेंटला आवरणारं प्रथिन, अंगावर ओढून घेतो आणि कॉम्प्लिमेंटच्या तावडीतून निसटतो. सशाचं फॅक्टर एच त्याला पकडता येत नाही, म्हणून तो सहज मरतो आणि लस उगाच गुणी दिसते.

म्हणजे माणसाचंच रक्त हवं, तेही या जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं नसलेलं. ते मिळणं कठीण. दहातल्या एखाद्या प्रौढाच्या घशात मेनिंगोकॉकस मुकाट राहत असतो आणि जाताना प्रतिपिंडं ठेवून जातो. आम्ही प्रयोगशाळेतले तर सगळेच लस घेतलेले, त्यामुळे बाद.

त्या दिवशी एका स्वयंसेवकाची प्लेट कॉलन्यांनी गच्च भरलेली निघाली. कॉम्प्लिमेंट उत्तम, मारक प्रतिपिंडं शून्य! आमचा आनंद गगनात मावेना. दात्या निघाल्या लेखाविभागातल्या मॅडम.

निकाल समजावून घ्यायला त्या आल्या. सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला माझं रक्त आवडलं, कारण ते या जंतूला काहीच करत नाही?"

"हो."

"मग मी लस घ्यायला हवी का?"

मी सरांकडे पाहिलं. लस घेतली की हे रक्त आमच्या कामातून गेलं. आजार दुर्मीळ, प्रौढांत आणखीच. तसं सांगून वेळ मारून नेता आली असती. सर म्हणाले, "आधी डॉक्टरांशी बोला. रक्त द्यायचं की नाही, ते नंतर ठरवा. आमची सोय बघू नका."

बी गटाच्या जिवाणूच्या आवरणातली साखर माणसाच्या चेतापेशींवरच्या साखरेसारखीच, शरीराला ती आपलीच वाटते, म्हणून तिची लस करता येईना. शेवटी या जिवाणूच्या 2000 साली वाचलेल्या जनुकसंचातून प्रथिनं शोधावी लागली आणि 2013 मध्ये युरोपात लशीला परवाना मिळाला. मॅडमनी तीच घेतली.

आम्ही पुन्हा दात्यांची यादी काढली. पुढच्या प्लेटवर एकही कॉलनी नव्हती.