काटा वीसवर, गाडी जागेवर

गाडी 1997 ची जिप्सी, 1.3 पेट्रोल, पाच गिअर, एमएच 09, म्हणजे कोल्हापूर पासिंग. कार्ब्युरेटरचं काम अर्धवट राहिलंय, ते राहू दे, कारण मधेच मोठं दुखणं उपटलं. वाघबीळ सोडून पन्हाळ्याच्या चढाला लागलो आणि दुसऱ्या गिअरमध्ये खालून 'खट्ट' असा एकच आवाज आला. ओढ गेली. इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी मागे सरकायला लागली. हँडब्रेक धरला, चाकाला दगड लावले, मग खाली उतरलो.

दगडाचं मुद्दाम सांगतो. अशा वेळी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उतरायची सवय असते. इंजिन आणि चाक यांच्यातलंच काही तुटलं असेल तर गिअर गाडीला धरत नाही.

रस्त्यावर जो थांबला तो 'क्लच गेला' म्हणाला. क्लच प्लेट झिजते तेव्हा बरेच दिवस आधी सांगत असते: चढाला इंजिन चढतं पण वेग चढत नाही, जळका वास येतो. इथं तसलं काही नव्हतं. प्लेटच्या मधल्या हबचे दाते निसटले तर मात्र क्लचसुद्धा असाच एका झटक्यात जातो. त्यामुळं क्लच, गिअरबॉक्स, ओढ पुढच्या-मागच्या चाकांकडं पाठवणारा ट्रान्सफर केस, दोन जोड शाफ्ट आणि मागचा एक्सल, सगळेच संशयित. यातलं काय उघडायचं हे ठरवायला पाना लागत नाही. जिप्सीत ते ड्रायव्हरच्या सीटवरून कळतं.

जिप्सीचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना चिकटलेले नाहीत, मधे छोटा जोड शाफ्ट आहे. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघत नाही, ट्रान्सफर केसच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवरून निघते. म्हणून इंजिन चालू ठेवलं, ट्रान्सफर टू-व्हील हायला (म्हणजे ओढ फक्त मागच्या चाकांना), पहिला गिअर, क्लच हळू सोडला. गाडी ढिम्म, पण काटा उठला आणि ॲक्सिलरेटरबरोबर वीसच्या आसपास जाऊन थांबला. म्हणजे क्लच पकडतोय, गिअरबॉक्स फिरतोय, मधला शाफ्ट शाबूत, ट्रान्सफरपण फिरतोय. बिघाड त्याच्या मागं. काटा शून्यावर राहिला असता तर उलटं: मधला शाफ्ट बघायचा आणि तो फिरत नसेल तर मग क्लच-गिअरबॉक्सकडं वळायचं.

मित्राला लांबून, बाजूनं वाकून बघायला सांगितलं. मागचा जोड शाफ्ट फिरत होता, चाकं नाहीत. राहिला फक्त डिफरन्शियल, म्हणजे एक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ओढ वाटून देणारा गिअरचा संच, आणि तिथून चाकांपर्यंत जाणारे दोन एक्सल शाफ्ट.

एक आवाजाचं. जिप्सीच्या ट्रान्सफरमध्ये हायसुद्धा सरळ एकास एक नसतो, सुमारे 1.4 चा आहे, म्हणजे दाते कायम कामावर असतात. त्यामुळं तो गुणगुणतोच. नवीन माणूस तो आवाज ऐकून गिअरबॉक्सची बेअरिंगं बदलत बसतो.

आता घरी कसं यायचं. ही पार्ट-टाइम फोर-व्हील, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकांवर चालणारी, पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मधे डिफरन्शियल नाही. फोर हायला टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात, मागं काही तुटलेलं असलं तरी पुढची चाकं ओढतात. पुढच्या हबवर आधीच्या मालकानं हातानं फिरवायचे लॉक बसवलेत (ते लावले की पुढची चाकं त्यांच्या शाफ्टला जोडली जातात), ते लावले. त्याआधी मागची दोन्ही चाकं वरखाली धरून हलवून बघितली आणि आतल्या बाजूला तेल ओघळलंय का तेही बघितलं. या एक्सलमध्ये चाकाचा भारही शाफ्टच पेलतो. शाफ्ट आत, डिफरन्शियलमध्ये बसणाऱ्या दात्यांपाशी तुटला तर बेअरिंग आणि प्लेट चाकाला धरून ठेवतात. बाहेर चाकाजवळ तुटला तर चाक शाफ्टसकट बाहेर येऊ शकतं, आणि मग टोइंग सोडून दुसरा मार्ग नाही. माझी चाकं घट्ट होती. मागचा जोड शाफ्ट डिफरन्शियलकडून आणि ट्रान्सफरकडून सोडून गाडीत टाकला, म्हणजे तुटका तुकडा आत घुसळत राहायला नको. मग पुढच्या चाकांवर, बैलगाडीच्या चालीनं, केर्लीमार्गे घरी.

वाटेतल्या एका गॅरेजात मत विचारलं होतं. उत्तर तयारच होतं: गिअरबॉक्स उतरवूया, जुना मिळतोय, बसवून टाकू. काट्याचं सांगितलं तर मेकॅनिक हसला. पुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

घरी मागची दोन्ही चाकं घोडीवर घेतली. डिफरन्शियलची फ्लँज (जोड शाफ्ट जिथं बसतो ती चकती) बारनं अडकवून धरली आणि डावं चाक हातानं फिरवलं. सगळं ठीक असेल तर उजवं चाक उलट दिशेला फिरायला पाहिजे. ते हललंच नाही. म्हणजे एखाद्या बाजूचा शाफ्ट तुटलाय, नाहीतर आतले छोटे गिअर गेलेत.

शाफ्ट काढायचा म्हणजे ड्रम, ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल आणि ड्रममागच्या बॅकिंग प्लेटचे चार नट. शाफ्ट बॅकिंग प्लेटसकट बाहेर येतो. डावा अख्खा निघाला. उजवा आखूड निघाला, दात्यांचा भाग आतच राहिलेला. गजाला चुंबक बांधून ओढून बघितलं, पण पीळ बसल्यामुळं दाते आत घट्ट अडकलेले. डाव्या बाजूनं गज घालून ढकलता येत नाही, मधे डिफरन्शियलची पिन आडवी येते. त्यामुळं डिफरन्शियलचा संच पुढून उतरवला. सुदैवानं तो अख्खा उतरतो, क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे मुख्य दातेरी जोडीच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही. तेल दुधाळ निघालं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. हे लक्षात ठेवा.

तुटका शाफ्ट घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथ-फौंड्रीच्या भागात गेलो, मित्राच्या वडिलांकडं. आयुष्य लेथवर आणि फौंड्रीत गेलेला माणूस. आमच्याकडं याचा फायदा असतो, लोखंडाचा तुकडा मोडून त्याचा दाणा वाचणारी माणसं गल्लीत भेटतात. काकांनी आधी काहीच विचारलं नाही. तुटकं तोंड रॉकेलनं धुतलं, उन्हात नेलं आणि चष्मा कपाळावर सरकवून तिरकं धरून बघितलं.

"हे काय आज मोडलेलं न्हाई. लई दिसापास्नं मोडत आलंय. आज फकस्त सुटलं."

मग दाखवलं. तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग काळपट-तपकिरी, गुळगुळीत आणि त्यात बारीक अर्धगोल रेषा, एकापुढं एक सरकत गेलेल्या. उरलेला भाग चकचकीत राखाडी, खरबरीत. काळा भाग म्हणजे जुनी चीर, प्रत्येक ताणाला थोडी थोडी सरकणारी. चकचकीत भाग पन्हाळ्याच्या चढावर तुटलेला. रेषा उलट्या मागं नेल्या तर त्या एका जागी येऊन मिळतात: दाते जिथं संपतात तिथंच, एका गंजाच्या खड्ड्यापाशी. काकांनी तिथं नखाचं टोक टेकवलं, ते अडकलं.

दाते संपतात तिथं शाफ्टचा आकार एकदम बदलतो, ताण तिथंच साठतो. खड्डा का पडला याबद्दल माझा अंदाज तेलाकडं बोट दाखवतो. गाडी आधी शिरोळ भागात होती आणि 2019, 2021 च्या पुरांनी तिकडं काय केलं हे सांगायला नको. पाण्यातून गाडी नेली की गरम एक्सल एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे एक्सलच्या हवेच्या भोकातून, पाणी आत ओढलं जातं. त्यात आधीच्या मालकानं मूळ मापापेक्षा उंच टायर चढवलेले. पहिला गिअर सुमारे 3.65 आणि ट्रान्सफरचा लो (हळू चालीचा, जास्त ओढीचा) सुमारे 2.27, यांच्याच गुणाकारानं इंजिनाची ओढ आठपटीच्या वर जाते, पुढं डिफरन्शियल आणखी वाढवतो. लोमध्ये उसाच्या शेतातून चिखलात ओढलेली गाडी असेल तर त्या शाफ्टनं बरंच सोसलंय.

वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटलेच. काकांनी विषय दोन शब्दांत संपवला: "नाद करू नगंस." वेल्डिंगच्या उष्णतेनं शाफ्टचं हार्डनिंग जातं आणि जोडाच्या शेजारी तो पुन्हा तुटतो. ईएन 24 पोलादाच्या बारमधून नवा शाफ्ट करून, दाते पाडून हार्डनिंग करता येतं, उद्यमनगरात ते अवघड नाही. पण या गाडीचा तयार शाफ्ट मिळतोय तोवर कशाला? उजवा नवीन आणला. बेअरिंग आणि त्याला जागेवर धरणारी रिंग प्रेसवर बसवून घेतली. प्रेस करायच्या आधी बॅकिंग प्लेट शाफ्टवर चढवलेली पाहिजे, नाहीतर नवीन रिंग कापावी लागते.

डाव्या शाफ्टवर वाद झाला. मित्राचं म्हणणं जोडीनं बदल. काकांनी लाल डाय मारून, पुसून, वर पांढरी पावडर फवारली. चीर असती तर लाल रेघ उमटली असती, नाही उमटली. मी तोच परत घातला, नवीन बेअरिंग आणि ऑईल सीलसकट. मित्राला ते अजून पटलेलं नाही.

डिफरन्शियलमधून निघालेले तुकडे शाफ्टला जुळवून बघितले, एकही दाता आत राहिला नाही याची खात्री होईपर्यंत. हाऊसिंग डिझेलनं धुतलं, छोटे गिअर आणि पिन तपासली, दीड लिटर जीएल-5 गिअर तेल भरलं, ब्रेकची हवा काढली. ब्रीदरला लांब नळी लावून वर चासीपर्यंत नेली.

गाडी आता जोतिबाला जाऊन आलीय, मागच्या चाकांवर, आवाज नाही. टायर मूळ मापाचे शोधतोय. पुढच्या डिफरन्शियलचं तेल अजून काढलेलं नाही. तिथं दोन लिटर आहे, आणि ते कुठल्या रंगाचं निघतंय त्यावर पुढचा खर्च ठरेल.