सातव्या मावळ्याचा डावा डोळा आणि दुभंगणारा एक नंबर

मंडळी, माझा एक नंबरचा सेबल, म्हणजे खऱ्या केसांचा बारीक ब्रश, पुन्हा अणी धरायला लागलाय! मी मावळ्यांचे छोटे पुतळे रंगवतेय, त्यातल्या सातव्याचा डावा डोळाही काल पहाटे झाला आणि दोन्ही डोळे एकाच दिशेला बघतायत. गेल्या वेळी ज्या ब्रशला मी निकालात काढायला निघाले होते, त्याच ब्रशने. त्यामुळे आजचा मजकूर जवळजवळ सगळा त्याचाच आहे. मुंडाशांच्या घड्या आणि बुरुजाचे दगड पुढच्या वेळी.

झालं असं की सातव्याचा चेहरा, मिशी, बाराबंदीचा पहिला थर सगळं बिनबोभाट झालं. उजवा डोळाही झाला. डाव्याची वरची कड ओढताना टोक दुभंगलं आणि एका रेघेच्या दोन झाल्या, एक पापणीवर, दुसरी थेट भुवईत. माणसाचा डोळा साधारण तीन सेंटिमीटर रुंद असतो. आपल्या ५४ मिलिमीटरच्या, म्हणजे १:३२ च्या पुतळ्यावर तो मिलिमीटरभरही उरत नाही. तिथे दोन टोकांच्या ब्रशने काय करणार? ओल्या ब्रशने पुसलं, पुन्हा काढलं. असं चार वेळा. चौथ्या पुसण्यात गालावरचा ग्लेझ, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर, तोही निघाला. तीन संध्याकाळी खर्च करून चढवलेला लालसर ग्लेझ होता तो. दिवा बंद केला आणि झोपायला गेले.

कोड्यात टाकणारी गोष्ट ही की ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून झटकला की टोक सुईसारखं यायचं. आपली नवीन ब्रश घेतानाची हीच तर परीक्षा. त्यात तो दरवेळी पास. पण रंग घेऊन सात-आठ मिनिटं काम केलं की माशाच्या शेपटीसारखे दोन भाग. धुतला की पुन्हा शहाणा.

आधी वाटलं फेरूलमध्ये, म्हणजे केस धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळीत, रंग अडकलाय. फेरूलला लागून केस चिमटीत धरून पाहिले तर खरंच कडक लागले. ॲक्रिलिक एकदा वाळलं की पाण्याला दाद देत नाही. मुळाशी वाळलेला रंग पाचरीसारखा बसतो आणि टोकाला केस फाकतात. मग ब्रशचा साबण काढला. साधं पाणी, तळहातावर हलक्या हाताने गोल गोल, टोक कधीही उलटं रेटायचं नाही. पहिल्या रात्री फेस किरमिजी आला. तो सहाव्याच्या शेल्याचा रंग होता आणि शेला होऊन महिना झाला होता! दुसऱ्या रात्री फेस राखाडी. मग आठवलं, प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, कुठे कुठे सुटला होता तो मी याच ब्रशने भरला होता. सेबलने प्रायमर. असं पुन्हा होणार नाही. चौथ्या रात्री फेस पांढराशुभ्र आला. शेवटचा फेस न धुता त्यातच टोक ओढून ब्रश तसाच वाळवला.

या निमित्ताने दोन सवयी मोडल्या. एक, ब्रश केसांच्या निम्म्यापर्यंतच बुडवायचा. रंग पोटात राहिला पाहिजे, फेरूलपर्यंत चढता कामा नये. दुसरी सवय जास्त घातक होती. धुतलेले ब्रश मी मगमध्ये टोक वर करून ठेवत होते. दिसायला छान दिसतात, पण पाणी खाली फेरूलमध्ये उतरतं, त्याच्याबरोबर उरलासुरला रंगही. शिवाय दांडीचं लाकूड फुगतं आणि वरचं रोगण तडकतं. माझ्या जुन्या दोन नंबरची दांडी याच कारणाने हलते. आता बुटांच्या खोक्याच्या कडेला कपड्यांचे लाकडी चिमटे चिकटवलेत, ब्रश त्यात टोक खाली करून लटकतात.

हे लिहिता लिहिताच सुचलं की त्या खोक्याला झाकण आहेच. पूर्ण वाळल्यावर ब्रश त्यातच ठेवून डांबराच्या गोळ्या टाकल्या तर पावसाळ्यात कसरीपासूनही सुटका. मागच्या श्रावणात एका सेबलचे केस कसरीने कडेने कुरतडले होते. खरे केस म्हणजे तिच्या दृष्टीने लोकरच. करूनच बघते.

तर, फेस पांढरा झाला. मोठ्या आशेने बसले. आठव्या मिनिटाला टोक दुभंगलं.

खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. चार रात्रींची मेहनत आणि जैसे थे. मात्र या वेळी दुभंगलेलं टोक न धुता भिंगाखाली धरलं. मुळाशी काही नव्हतं. शेवटच्या दोन मिलिमीटरवर रंगाची पातळ साय धरली होती. म्हणजे रंग फेरूलमध्ये नाही, टोकावर वाळत होता, तोही काम चालू असताना.

आणि मग पेण आठवलं. गणपतीच्या आधी तिथल्या एका मूर्तींच्या कारखान्यात गेले होते, तेव्हा एक काका मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होते. तीन-चार फटकारे झाले की ब्रश पाण्यात, कापडावर टोक ओढायचं, पुन्हा रंग. ब्रशमध्ये रंग शिल्लक असताना धुताय कशाला, असं मी विचारलं होतं. "रंग सुकायच्या आधी धुवायचा, ताई. सुकल्यावर धुऊन काय उपयोग?" म्हणाले. तेव्हा मान डोलावली आणि त्यांच्या मनगटाकडे बघत राहिले. कळलं आत्ता, ऑक्टोबरमध्ये.

कारण हा ऑक्टोबरच आहे. कोरडी, तापलेली हवा आणि माझ्या डोक्यावर पंखा पाचवर. मी रंग घेते, चेहरा निरखते, श्वास रोखते, आणि तेवढ्यात टोक वाळायला लागतं. खात्री करायला पंखा बंद करून बसले. ब्रश चौदा मिनिटं टिकला, घामाने मीच आधी उठले. म्हणून काल पहाटे साडेपाचला बसले. पंखा बंद, रंग ओला ठेवणाऱ्या वेट पॅलेटचा स्पंज ताजा भिजवलेला, रंग सहज वाहावा म्हणून त्यात फ्लो इम्प्रूव्हरचा जेमतेम एक थेंब, दर तिसऱ्या फटकाऱ्याला पाणी आणि ओल्या टिश्यूवर टोक फिरवून घेणं. चाळीस मिनिटं झाली तरी टोक एकसंध! डावा डोळा पहिल्या झटक्यात. बुबुळातला पांढरा ठिपकासुद्धा.

डोळ्यांसाठी तीन शून्य (०००) नंबरचा, एकपेक्षा बराच बारीक ब्रश घे, असं मागे काही जणांनी सुचवलं होतं. मला आता ठामपणे वाटतं की आपल्या हवेत तो चुकीचा सल्ला आहे. तीन शून्याच्या पोटात रंग मावतो किती? पुतळ्यापर्यंत पोचेपर्यंत वाळतो. रेघ बारीक येते ती टोकामुळे, ब्रशच्या आकारामुळे नाही. विन्सर अँड न्यूटनच्या सिरीज सेव्हनची गोष्ट माहीत असेलच: १८६६ साली व्हिक्टोरिया राणीसाठी बनवलेले ब्रश, आणि राणीचा आवडता आकार सात नंबर. चांगल्या सेबलचा सात नंबरही टोकाला सुईच असतो. पुढची खरेदी माझी दोन नंबरची असेल.

पण सेबल घेताना एक कळकळीची विनंती. बिननावाचा, स्वस्तातला "सेबल" कोणी पुढे केला तर घेऊ नका. आपल्याकडे तो मुंगसाच्या केसांचा असण्याची शक्यता बरीच असते. केस पट्टेपट्टे असतील, टोकाला गडद आणि मध्ये फिकट, तर सरळ परत करा. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बेकायदा आहेत, २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने यावर देशभर मोहीमही काढली होती. एका पापणीसाठी मुंगूस मारलं जाऊ नये. तेवढं बजेट नसेल तर सिंथेटिक उत्तम.

सिंथेटिकवरून आठवलं, कॅमलचे सोनेरी सिंथेटिक अजून माझे पहिल्या थराचे आणि वॉशचे (पातळ केलेल्या रंगाच्या हाताचे) गडी आहेत. त्यांचं टोक आकड्यासारखं वळतंच. वळलेलं टोक उकळत्या पाण्यात काही सेकंद धरून बोटांनी सरळ केलं तर आठवडाभर तरी सुधारतं. (हा प्रयोग सेबलवर मुळीच नको.) ढाली आणि दांडपट्ट्याची पाती, म्हणजे सगळं मेटॅलिक काम, आता याच ब्रशांकडे, आणि त्यांचं पाण्याचं भांडंही वेगळं. चमकीचे कण एकदा पाण्यात मिसळले की पुढच्या प्रत्येक चेहऱ्यावर चकाकतात.

आता उरलेले पाच. ठरवलं होतं की पाचही जणांचे डोळे एका पहाटेत उरकायचे. पण एका चेहऱ्याला वीस मिनिटं लागतात आणि ब्रशची खात्री चाळीस मिनिटांची, म्हणजे दिवसाला दोनच. तर उद्या आठवा आणि नववा. नवव्याची मान वळलेली आहे, त्याचा एक डोळा ढालीच्या कडेआड जातो. ढाल अजून चिकटवलेली नाही, ती डोळ्यांनंतर. आठव्याचा ग्लेझ वाळलाय, स्पंज भिजत घातलाय, गजर पाचचा.