एका प्लगसाठी दोन फूट चर

मागच्या पॅटिओवर एक प्लग पॉइंट हवा होता, बाकी काही नाही. दिव्यांची माळ लावायला, जमलं तर घावण्यांना हॉटप्लेट, आणि गणपतीत माणसं आली की बाहेर बसता यावं. देवगडला आमच्या खळ्यात मांडवाला लाइट घ्यायची तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून टू-कोअर वायर बाहेर काढायची, पिन नसेल तर तारांची टोकं सॉकेटात घालून वर आगकाड्या खोचायच्या, जॉइंटला काळी टेप, झालं काम. भर पावसात चालतं.

इथे न्यू जर्सीत आधी परमिट. स्वतः राहता त्या घरात वायरिंग स्वतः करायला मुभा आहे, पण परमिट आणि इन्स्पेक्शन सुटत नाही. मग चराची खोली. केबल थेट मातीत पुरली तर २४ इंच, पीव्हीसी पाइपातून नेली तर १८, जाड लोखंडी पाइपातून नेली तर ६, आणि २० अँपपर्यंतची १२० व्होल्टची लाइन असून तिला जीएफसीआय (करंट गळला की लाइन तोडणारं उपकरण) असेल तर १२ सुद्धा चालते. मी २४ धरले, पुढे वाद नको. आणि इन्स्पेक्टर बघून जाईपर्यंत चर बुजवायचा नाही! व्हिडिओ कॉलवर तो उघडा चर काकांना दाखवला तर ते म्हणाले, "काय रे, माड लावतंस काय?"

पण मला खरं लिहायचंय ते ८११ बद्दल. खणायच्या किमान तीन कामाचे दिवस आधी या फोन नंबरवर कळवायचं, म्हणजे जमिनीखालच्या लाइनी कुठे आहेत ते येऊन दाखवतात, हा इथला कायदा. कुठे खणणार ते आपण पांढऱ्या रंगाने आखून ठेवायचं. मग एक माणूस आला, हातात दांड्यासारखं यंत्र, बेलही वाजवली नाही, आणि लॉनभर फिरून रंगाच्या रेघा मारून बारकी झेंडुकली रोवून गेला. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, केशरी फोन-इंटरनेट, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. पैसे? शून्य. माझ्या चराला पिवळी रेघ बरोब्बर आडवी गेली होती, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट फावड्यानेच, हळूहळू, मशीन नाही. (मीटरच्या पुढे आपण स्वतः पुरलेलं काही असेल तर ते मात्र तो दाखवत नाही, ते आपलं आपण बघायचं.) मी कॉफीचा कप घेऊन त्या झेंड्यांकडे बघत बसलो होतो, बायको म्हणाली जत्रा भरलीय का. गावाला पाण्याची लाइन कुठून गेलीय हे पंचायतीच्या पाणीवाल्याच्या डोक्यात असतं, आणि तो नेमका लग्नाला गेलेला असतो तेव्हाच जेसीबी येतो.

आता लगेच इथल्यांची आरती ओवाळतोय असं समजू नका. इथली माती लोण्यासारखी, आमच्या जांभ्यात दोन फूट चर मारून दाखवा म्हणावं, पहार वाकते. आणि गंमत बघा, माझी पॅटिओची चिमूटभर वायर दोन फूट खाली, पण आमच्या रस्त्याची मेन लाइन लाकडी खांबांवरून झाडांच्या फांद्यांतून लोंबकळतेय! २०१२ साली सँडी वादळ आलं तेव्हा या राज्यात लाखो घरं कित्येक दिवस अंधारात होती. २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्गात खांब आडवे केले, तेव्हा वायरमनच्या जोडीला आमची वाडीतली पोरं दोर लावून खांब उभे करत होती. इथे हे कोणी करू देणार नाही, आणि खरं सांगायचं तर करूही नये, पण मला त्याचा अभिमान आहे तो आहे.

एक गोष्ट मात्र मान्य. जीएफसीआय पाच मिलीअँपच्या आसपास गळती झाली की सप्लाय तोडतो, तेही १२० व्होल्टच्या देशात. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि आरसीसीबी, म्हणजे गळतीवर तुटणारा आपल्याकडचा ब्रेकर, साधारण ३० मिलीअँपचा, तोही असला तर. खळं ओलं, पाय उघडे, मांडवाला लोखंडी पाइप, आणि अर्थिंगच्या खड्ड्यातल्या कोळसा-मिठाला मे महिन्यात कोणी पाणी घातलेलं नसतं. इन्स्पेक्टरने माझं सॉकेट टेस्टरने तपासलं आणि झाकण नापास केलं, का, तर प्लग आत असतानाही बंद होणारं फुगीर झाकण पाहिजे. तेव्हा चिडलो होतो.

त्याच चिडीत भावाला फोन करून आरसीसीबी बसवायला लावला. बसवला त्याने. आता म्हणतो, जोराचा पाऊस आला की ट्रिप होतो, चतुर्थीचे दिवस बायपास करून ठेवतो. मी म्हटलं, अरे, ट्रिप होतोय म्हणजे जॉइंटमध्ये पाणी जातंय, तो टेपचा जॉइंट काढ आधी. तो म्हणाला, "तू तुझ्या झेंड्यांकडे बघ." रोज फोनवर भांडण चालू आहे.