माळावर आडोसा कुठला?

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो. तरी इथल्या बायका माळावर चालायला निघाल्या की आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी प्यायला लागतात. कारण सांगायला नकोच. आमच्यातल्या एकीला त्यापायी लघवीची जळजळ सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी चांगलंच झापलं, पाणी प्या आणि लघवी रोखून धरू नका म्हणून. तेव्हा मी म्हटलं, उघड्या माळावर लघवी-शौचाला कसं जायचं, हे एकदा नीट शिकूनच घेऊ.

सह्याद्रीत निदान कारवीचं रान तरी असतं. इथे सोलापूरजवळ, नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला गुडघाभर गवत, मुरूम आणि नजर पोचेल तिथवर सगळं उघडं. आडोशासाठी आता आम्ही जुनी सुती साडी नेतो. दोघींनी पाठ करून टोकं धरायची, झालं काम. (सोलापुरी चादर नेली तर आडोसा पक्का होईल, पण ती पाठीवर वाहणार कोण?)

आडोसा म्हणून सगळ्यांचे पाय वळतात ते कोरड्या ओढ्याकडे. माळावर तेवढीच एक खोलगट जागा. पण नेमकी तीच टाळायची. ओढा आज कोरडा दिसत असला तरी पहिल्या मोठ्या पावसात तिथलं सगळं वाहत खालच्या तळ्यात जातं, आणि त्या तळ्यावर गुरं-मेंढ्या पाण्याला येतात. पायवाट, विहीर, ओढा, मुक्कामाची जागा, या सगळ्यांपासून साधारण ६० मीटर लांब जायचं. माझी त्याला ऐंशीएक पावलं लागतात.

बसण्याआधी खाली बघायचं. विंचवासाठी तर खरंच, पण टिटवीसाठीही. ती घरटं बांधत नाही, खड्यांमध्येच अंडी घालते, आणि ती अंडी खड्यांसारखीच ठिपक्यांची. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की मी मुकाट्याने जागा बदलते. माळढोकही उघड्या जमिनीवरच अंडं घालतो. अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय आम्ही पाऊलच टाकत नाही.

आता खड्डा. तो १५ ते २० सेंटिमीटर खोल हवा, म्हणजे वीतभराला जरा कमी. वरच्या थरातल्या मातीत जिवाणू भरपूर असतात, मैला तेच कुजवतात. फार खोल पुरला की काम मंदावतं. मी घरचं खुरपं नेते. पण मुरमावर खुरपं नुसतं खण्‌खण् वाजतं, चार बोटांच्या खाली जात नाही. मी घाम गाळत बसलेली बघून मेंढ्यांमागची एक अक्का थांबली. "मुरमात काय खणतीस गं? त्या बाभळीच्या बुडाला बघ की." तिचं खरं होतं. बाभळीखाली पाला कुजून माती काळसर, भुसभुशीत झालेली होती, खुरपं सरसर आत गेलं. तेव्हापासून मी आधी झाड शोधते, मग आडोसा. आणि खड्डा कळ यायच्या आधीच खणून ठेवते. कळ आल्यावर खणायला बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

धुण्याचं पाणी त्याच खड्ड्यात जाऊ द्यायचं. बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोकं पाडली की अर्ध्या लिटरात भागतं. मग काढलेली माती परत लोटून दाबायची, वर दगड. नुसता दगड ठेवून चालत नाही, कुत्री-कोल्ही उकरतात. हात साबणानेच धुवायचे. सॅनिटायझर चोळून भागत नाही, जुलाबाचे काही विषाणू त्याला दाद देत नाहीत.

लघवीला खड्डा लागत नाही, पण पाण्यापासूनचं अंतर तेच.

पॅड आणि ओले टिश्यू मात्र पुरायचे नाहीत. दोन्हींत प्लास्टिक असतं, वर्षानुवर्षं कुजत नाहीत. जाळायचे तर अजिबात नाहीत, वाळल्या गवताला ठिणगी पुरते. वर्तमानपत्रात गुंडाळायचं, काळ्या पिशवीत घालायचं आणि ती पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवून परत आणायची. वास येऊ नये म्हणून मी डब्यात चमचाभर खायचा सोडा टाकते. डब्यावर मार्करने मोठी फुली मारलेली आहे, कारण सॅकमध्ये शेजारीच कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा असतो.