गाडी नटवली, मग निम्मी उतरवली

आमच्या माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी आता माझ्या गाडीचं सामान पडलंय. दाराखाली बसवायच्या फुटस्टेपची जोडी, त्यातली एक वाकलेली. गाडीच्या तळाला अंथरायचं, कशीही घडी न होणारं सेव्हन-डी मॅटिंग. बेज रंगाची सीटकव्हरं, त्यावर गुलालाचे ढग. एलईडी बल्बांचं खोकं. सगळा मिळून साडेसत्तावीस हजारांचा ऐवज. बायको त्याला ‘तुमची इस्टेट’ म्हणते.

गाडी दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला घेतली. चार मीटरच्या आतली, पेट्रोल, हातानं गिअर टाकायची. दिसायला एसयूव्ही, पण खाली वाकून बघितलं तर हॅचबॅकचीच थोरली बहीण. खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा नाही, अख्खी बॉडी हीच चासी. हे मला माहीत होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. माणूस एकदा ‘एसयूव्ही घेतली’ म्हणाला की त्याच्या डोळ्यांपुढं थेट गगनबावड्याच्या चिखलातली जीप उभी राहते.

मॉडेल मधलं घेतलं. वरच्याला एक लाख साठ हजार जास्त होते. म्हटलं, मधलं घेऊ, राहिलेलं बाहेरून स्वस्तात लावू. शोरूमवाल्यांचं म्हणणं वेगळं होतं. ‘दसऱ्याला डिलिव्हरी पाहिजे तर अडतीस हजारांचं किट घ्यावं लागेल.’ तासभर घासाघीस करून मडफ्लॅप, खिडक्यांवरचे पावसाळी व्हायजर आणि साधी रबरी मॅट एवढंच घेतलं, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी गाडी दारात आली. आज सांगतो, त्या दिवशी घेतलेल्या तिन्ही वस्तू अजून गाडीवर आहेत. नंतर हौसेनं घेतलेल्यांचं मात्र तसं झालं नाही.

पुढच्याच रविवारी ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. विशीतला पोरगा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, “साहेब, पुढं गार्ड टाकूया. म्हस आडवी आली तर म्हस पडंल, गाडीला काय हुईत न्हाई.”

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये काम करतो. लोखंड कुठं वाकलं पाहिजे आणि कुठं वाकता कामा नये, हे जरा कळतं. धडक बसली की बंपरमागचा भाग चुरगळतो आणि जोर खातो, म्हणून आतली माणसं वाचतात. तिथं लोखंडी पाइप बांधला की तो जोर सरळ मागं जातो, आणि एअरबॅगच्या सेन्सरचाही हिशोब चुकतो. शिवाय केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरात असल्या गार्डांवर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलेलं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि दंड एका बदलामागं ५,००० रुपये. हे सगळं त्याला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, “मग नगरसेवकांच्या गाडीला कसं चालतंय?” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

काळ्या फिल्मलाही नाही म्हटलं. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असा नियम. कंपनीची काच आधीच हलकी हिरवी असते. वर फिल्म चढवली की आकडा आणखी खाली. बिंदू चौकाच्या पार्किंगला गाडी लावली की पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावतो, तेवढं पुरतं.

एवढा शहाणपणा दाखवून पुढच्या पाच मिनिटांत मी बाकी सगळ्याला हो म्हणालो. फुटस्टेप साडेसात हजार, मॅटिंग सहा, सीटकव्हरं साडेनऊ, नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन रिव्हर्स कॅमेऱ्यासकट एकोणीस, हेडलाइटचे एलईडी साडेचार. एकूण साडेसेहेचाळीस हजार. संध्याकाळी गाडी घरी आणली तेव्हा गल्लीतली पोरं ‘नाद खुळा’ म्हणाली. पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

सगळ्यात आधी हरलं ते फुटस्टेप. ते घेतलं आईसाठी. आई एकाहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, “अरं, ह्या फळीवर पाय ठिवू, का आत ठिवू?” प्रश्न बरोबर होता. जीपची सीट छातीएवढी उंच असते, तिथं मधे पायरी लागते. आमच्या गाडीची सीट आईच्या कमरेच्या जरा वर. फळीवर चढलं की डोकं छताला लागायचं. न चढता थेट बसायचं म्हटलं तर त्या फळीनंच ती सीटपासून वीतभर लांब उभी. वर पावसाळ्यात फळीवरचा सगळा राडा लुगड्याच्या काठाला.

तरी मी हट्टानं ठेवलं. मग कागलकडं सासरवाडीला जाताना उसाच्या वाटेवर, ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोरीत डावी फळी मधल्या उंचवट्यावर बसली. कंपनीनं एवढी उंची दिली होती, ती मी पैसे देऊन कमी करून घेतली होती. फळी वाकली आणि दार उघडताना घासायला लागली. दुसऱ्या दिवशी शॉपमध्येच बोल्ट खोलून दोन्ही उतरवल्या.

आईनं स्वतःचा उपाय काढला. “देवघरातला जुना पाट टाक डिक्कीत.” पाटाखाली मी ट्यूबचे तुकडे चिकटवले, घसरू नये म्हणून. आता ती पाटावर उभी राहते, गाडीकडं पाठ करून आधी सीटवर टेकते, आणि मग दोन्ही पाय एकदम आत वळवते. वळवायची पद्धत तिच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवली, पाट तिचा. खर्च शून्य. अट एकच, पाट डिक्कीत टाकायला विसरायचं नाही. एकदा विसरलो होतो. ते बोलणं अजून ऐकतोय.

दुसरं प्रकरण बॅटरीचं. दिवाळीत पाच दिवस गाडी हलली नव्हती, कामाला मी मोटारसायकलनंच जातो. भाऊबीजेच्या सकाळी बहिणीकडं निघालो, चावी फिरवली तर नुसतं टक टक टक. सगळे नवे कपडे घालून आत बसलेले. शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल लावून गाडी सुरू केली. मनात म्हटलं, घरातल्या कुणीतरी दिवा चालू ठेवला असणार. चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच.

सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी डॅशबोर्डखाली टॉर्च मारला आणि मलाच आत वाकून बघायला सांगितलं. कंपनीच्या वायरचं प्लास्टिक सोलून, त्यावर दुसरी तार पिळून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. अशा तीन जागा. “सर, वायरिंग बाहेर तोडलंय, ह्यावर वॉरंटी मिळणार नाही.” दुकानात गेलो, तर तो पोरगा नोकरी सोडून गेलेला आणि मालक म्हणे बॅटरीच खराब असणार.

शेवटी आमच्या शॉपच्या मागच्या बोळात एक म्हातारे इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. मामांनी आधी काहीच खोललं नाही. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि मधे मीटर जोडला. गाडी लॉक केली. “चहा सांग,” म्हणाले. मला वाटलं टाइमपास. तर नाही. आतली सगळी कंट्रोल युनिटं झोपायला वीस-पंचवीस मिनिटं घेतात, तोवरचा आकडा खोटा असतो. चहा झाल्यावर बघितलं, मीटरवर ०.३८ अँपिअर. “झोपलेल्या गाडीनं ०.०५ च्या आत खायला पाहिजे,” मामा म्हणाले. मग एकेक फ्यूज उपसायला लागले. ऑडिओचा फ्यूज निघाला आणि आकडा धपकन ०.०३ वर आला.

अँड्रॉइड स्क्रीनला दोन प्लस तारा असतात. एक कायम चालू, मेमरीपुरती. दुसरी चावीबरोबर चालू-बंद होणारी. आमच्या हिरोनं दोन्ही एकत्र पिळून कायमच्या प्लसवर टाकल्या होत्या. म्हणजे स्क्रीन काळी दिसायची, पण आत जागीच. ०.३८ गुणिले २४ केलं तर दिवसाला नऊ अँपिअर-तास जातात. आमची बॅटरी ४५ ची. पाचव्या दिवशी ती मरणारच. मामांनी तिन्ही जोड सोल्डर करून वर गरम केली की आवळणारी हिटश्रिंक नळी चढवली, आणि त्या स्क्रीनला आमच्या गाडीचा, वायर न कापता जोडायचा तयार कपलर मिळतो तो मागवायला लावला. कपलर नऊशे रुपयांचा. दुकानदारानं तो वाचवायला माझी गाडी सोलली होती. मामांनी मजुरी चारशे घेतली आणि जाताना म्हणाले, “वायर कापायची भाषा केली की उठून यायचं.”

सीटकव्हरांचा निकाल जोतिबावर लागला. चैत्र यात्रेची गर्दी ओसरल्यावरच्या रविवारी डोंगरावर गेलो. तिथं गुलाल टाळता येत नाही आणि टाळायचाही नसतो. चांगभलं म्हणत खोबरं-गुलाल उधळला, आणि घामेजलेले, गुलाबी झालेले पाचही जण बेज सीटवर बसलो. घरी येऊन मी लगेच ओलं फडकं मारलं. ती चूक. गुलाल आधी कोरड्या ब्रशनं झाडायचा, व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचा, पाणी सगळ्यात शेवटी. माझ्या फडक्यानं त्याचा रंगच करून टाकला.

धुवायला म्हणून कव्हर उपसलं, तेव्हा ड्रायव्हर सीटच्या पाठीला दाराच्या बाजूनं कंपनीनं शिवलेलं छोटं लेबल दिसलं. एअरबॅग. बाजूची एअरबॅग तिथूनच, शिवण फाडून बाहेर येते. आणि मी सहा महिने त्यावर फोम घातलेलं, दुहेरी टाक्याचं रेक्झिन आवळून ठेवलं होतं. गुलाबी डाग पडले नसते तर मला हे कळलंच नसतं. त्या दिवशी जरा गप्पच होतो.

नवी कव्हरं लक्ष्मीपुरीतल्या एका कारागिराकडून शिवून घेतली. कापडी, गडद मरून. त्यांनी एअरबॅगच्या जागी वेगळ्या कच्च्या दोऱ्याची शिवण ठेवली आणि उरलेल्या तुकड्यावर हातानं फाडूनही दाखवली. रंग मात्र आईनं निवडला. “पुढच्या साली बी जायाचंय न्हवं डोंगरावर?”

मॅटिंगचं थोडक्यात सांगतो. उन्हाळ्यात झकास. आषाढात गाडीत कुबट वास यायला लागला. उचकटून बघितलं तर कडेनं झिरपलेलं पाणी खाली अडकून मूळच्या कार्पेटला पांढरी बुरशी. ओल्या चपलांचं पाणी वरून दिसत नाही आणि खालून वाळत नाही. शोरूमची रबरी मॅट परत टाकली. ती हुकात अडकते, पेडलखाली सरकत नाही, आणि नळाखाली धरली की झालं.

आणि दिवे. एलईडी लावल्यावर रात्री सगळं पांढरंधोप दिसायचं, मी खूश. समोरचे एसटीवाले डिपर मारून मारून शिव्या घालायचे, ते मी मनावर घेतलं नाही. मग श्रावणात करूळ घाटात धुकं लागलं. पुढं नुसती पांढरी भिंत. पट्टा दिसेना, कठडा दिसेना. वीसच्या वेगानं, बायको खिडकीतून डोकं काढून कडा सांगतेय, असा घाट उतरलो. परत आल्यावर मामांनी जुना हॅलोजन बल्ब हातात देऊन दाखवला. आत दोन तारा, आणि लो बीमच्या, म्हणजे जवळच्या उजेडाच्या तारेखाली एवढीशी पत्र्याची वाटी. ती वाटी उजेड कापते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. रिफ्लेक्टर त्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. तिथं दुसरंच काही बसवलं की उजेड वाट्टेल तिकडं उधळतो.

हॅलोजन परत बसवले, आणि खाली कपलरवाले पिवळे फॉग लॅम्प लावले. खरी गंमत पुढं आहे. स्टिअरिंगच्या उजवीकडं आकड्यांचं एक छोटं चाक होतं, त्याला मी वर्षभर हातही लावला नव्हता. मागं माणसं बसून डिक्की भरली की गाडीचं नाक वर होतं आणि दिवेही आभाळाकडं बघतात. तेव्हा ते चाक फिरवून झोत खाली घ्यायचा. फुकटातलं, कंपनीनं दिलेलं. एसटीवाल्यांच्या शिव्यांमधल्या काही ह्याच्याही होत्या.

आता राहिलेलं काय? रिव्हर्स कॅमेरा, स्क्रीन, नंतर घेतलेला डॅशकॅम आणि फॉग लॅम्प. हे विम्यात वेगळं दाखवावं लागतं, नाहीतर चोरी झाली की हात वर. बिलं जोडली, सगळं मिळून ३०,००० चं झालं. त्याच्या ४ टक्के म्हणजे १,२०० रुपये हप्ता, वर कर. ऊसतोड सुरू झाली की रानातले उंदीर वस्तीत येतात आणि बॉनेटखालच्या गरम जागेत बसतात. मामांच्या कष्टाच्या वायरी त्यांनी कुरतडू नयेत म्हणून खालच्या फटींना बारीक जाळी मारून घेतली, तीही शॉपमधल्याच तुकड्यांची.

परवा पोरगं म्हणालं, “बाबा, वरच्या रेलवर सामानाची पेटी बांधूया. कोकणात जाताना डिक्की पुरत नाही.” मी त्याला मॅन्युअल दिलं, छताचं पान काढून. त्यानं बोट ठेवून वाचलं. आमच्या मॉडेलची रेल शोभेची आहे, तिच्यावर वजन बांधायचं नाही.

“मग कंपनीनं लावली कशाला?”

“शोभेला,” मी म्हटलं.

हिनं माळ्याकडं बघितलं.